काशम्मा समजावून सांगते

काशम्माला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भांडत होती, असं मी बरेच दिवस घरात सांगत असे. ते चूक होतं. ती समजावून सांगत होती. दोन्ही वेळेला तिचा आवाज सारखाच चढायचा, म्हणून लांबून बघणाऱ्याची गल्लत होई.

जुळे सोलापुरात आमची बिल्डिंग संपते तिथं एक पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये सिद्धेश्वरीबाईंचा कडक भाकरीचा गृहउद्योग चालतो. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी पार आटू द्यायचं. महिनाभर टिकते. पुण्यात शिकणाऱ्या मुलांपासून अमेरिकेतल्या सुनांपर्यंत सगळीकडे इथून खोकी जातात. आत अकरा चुली, अकरा बायका. एप्रिलात बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना त्या शेडमध्ये काय होत असेल, हे मी गॅलरीत उभं राहून कितीतरी वेळा मनाशी म्हटलं आहे. म्हटलं आणि आत येऊन पंखा लावला आहे.

काशम्मा अक्कलकोटकडची. घरात कानडी, बाजारात मराठी. नवरा यंत्रमागावर होता, तो लवकर गेला. मूल नाही. जवळच एका खोलीत भाड्यानं राहायची. नात्यातलं म्हणावं असं कुणी सणालाही तिच्या दारात आलेलं मी पाहिलं नाही. तिला होते ते दोन हात. त्या हातांची भाकरी अकरा जणींत ओळखू यायची, इतकी सारखी आणि गोल.

पण तिचं खरं शिक्षण दुसरीकडं झालं होतं. नवरा गेल्यावर दहा-बारा वर्षं ती एका युनियनच्या अभ्यासवर्गांना स्वयंपाक करायला जात असे. कधी मोहोळला, कधी वैरागला, कधी इथंच एखाद्या मंगल कार्यालयात. आत वक्ते बोलायचे. मागच्या दाराशी ही चूल मांडून बसायची आणि वारा यावा म्हणून दार उघडं असायचं. सतरंजीवरची माणसं डुलक्या घ्यायची. थापणाऱ्याला डुलकी घेता येत नाही, बोट भाजतं. त्यामुळे त्या वर्गांतली भाषणं शेवटपर्यंत जागं राहून ऐकलेली बहुधा ती एकटीच. एकदा एका वक्त्यानं ‘उत्पादनाची साधने’ हा विषय पाऊण तास सांगितला. पंगतीत त्यांनीच थट्टेनं विचारलं, “काय मावशी, तुम्हाला काय कळलं?”

“तवा कुणाचा, येवढं इचारायचं,” ती वाढता वाढता म्हणाली. “बाकी समदं त्यातच आलं की.”

वक्ते म्हणे जेवायचे थांबले होते. ही गोष्ट तिनंच मला सांगितली आणि सांगताना तिला जो आनंद झाला होता तो मी विसरलेले नाही. आपल्याला कळतं, आणि आपण सांगितलं की दुसऱ्याला कळतं, एवढी एकच चैन तिला ठाऊक होती.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस केराबाईच्या तुकड्यांचा होता. केराबाई त्या शेडमधली सगळ्यात हळू बाई. मनानं साधी आणि कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागणारी. तिच्या भाकऱ्या उतरवताना तुटायच्या. तुटलेली भाकरी तिच्या मोजणीत धरायची नाही, असा शेडचा नियम. पण ते तुकडे फेकले जात नसत, ‘चुरा’ म्हणून पाकिटांत भरले जात. दह्यात कालवून खायला लोक मुद्दाम मागतात. मीही मागत असे. त्या दिवशी मी चुराच घ्यायला गेले होते आणि केराबाई कुरकुरत होती की तुकडा मोडका म्हणून माझा नाही, तर मग तो विकला कसा जातो?

“केराबाई,” काशम्मा तिच्यासमोर जाऊन बसली, “तुला हात हाईत?”

“हाईत की.”

“पीठ?”

“ह्ये काय.”

“जाळ?”

“आक्का, डोळं गेलं व्हय तुझं? म्होरं पेटलाय की.”

काशम्मानं सांडशीनं तवा उचलला आणि लांब ठेवला. “थाप आता. भाज.”

“कशावर भाजू?”

“का? हात हाईत, पीठ हाय, जाळ हाय.”

“आन् तवा?”

“तवा बाईंचा. म्हणून भाकरी बाईंची, तुकडा बी बाईंचा. आन् रातीला ठणकतंय ते मनगट तेवढं तुझं.”

केराबाईचं तोंड उघडं राहिलं. बाकीच्या नऊ जणींचे हात परातीत थांबले. माझ्या हातात चुऱ्याचं पाकीट होतं, ते मी पिशवीत टाकलं.

“म्हंजी बाई वाईट?” केराबाईनं हळूच विचारलं.

“वाईट कशानं? दिवाळीला लुगडं देत्यात, गोड बोलत्यात. वाईट-चांगल्याचा सवालच न्हाई ह्यात. त्यो पाट बघ.” शेडच्या दाराशी एक पाट होता, त्यावर बसून सिद्धेश्वरीबाई संध्याकाळी भाकऱ्या उचलून घेत. “जी पाटावर बसती आन् दुसरीनं थापलेलं उचलती, ती मालकीण. मग ती हसरी आसू दे न्हाईतर रडकी.”

सिद्धेश्वरीबाई हसऱ्याच होत्या. तिशीच्या, नीटनेटक्या, महिला दिनाला सत्कार झालेल्या. त्या बायकांचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकत आणि खाली लिहीत, ‘माझ्या भगिनींच्या हातची चव’. बोलणं त्यांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्याच मुळी काशम्माच्या खांद्यावर हात ठेवून.

“काशम्मा, असं काय बोलता हो? आपण सगळ्या एक कुटुंब आहोत.”

“मग लई ब्येस झालं. आज तुमी थापा, फोटू आमी काढतो.”

सगळ्या हसल्या. सिद्धेश्वरीबाईही हसल्या, पण खांद्यावरचा हात काढून घेतला. “तुम्हाला शिकवायचीच हौस असेल तर शाळा काढा,” त्या त्याच गोड आवाजात म्हणाल्या. “उद्यापासून इथं नका येऊ.”

काशम्मा उठली. तिच्यामागून केराबाई उठली. तिला सगळं कळलं होतं म्हणून नव्हे, काशम्मा उठली म्हणून. मग ईरम्मा. ईरम्मा पंचविशीची, दहावी झालेली. आदल्या दिवशी तवा उचलला गेला तेव्हा जिचे डोळे चमकलेले मी पाहिले होते ती हीच. तिच्यामागून शिवबाई आणि आणखी तिघी. सात जणी उन्हात उभ्या राहिल्या आणि आता पुढं काय, हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

पुढं झालं ते असं. आमच्या मागच्या गल्लीत पिठाची एक गिरणी बंद पडली होती. तिचा गाळा सात जणींनी भाड्यानं घेतला. प्रत्येकीनं घरून आपापला तवा आणला. काशम्मा माझ्या दारात येऊन म्हणाली, “वैनी, तुमी कॉलेज शिकल्यालं. आमच्या बैठकीचं लिवून द्या की.” मी बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. लग्नानंतर त्याचा उपयोग मतदानाच्या चिठ्ठ्या शोधण्यापलीकडं झाला नव्हता. मी वही घेतली आणि गेले.

पहिल्या बैठकीत काशम्मानं जे सांगितलं ते मी पहिल्या पानावर लिहिलं. ज्याचा हात पिठात, त्याचा वाटा. सगळ्यांचे वाटे सारखे. ईरम्मा झरझर थापते म्हणून तिला जास्त नाही, केराबाई हळू थापते म्हणून तिला कमी नाही. पण हात पिठात पाहिजे. इथं पाट नाही. कुणी नुसतं बसून खाणार नाही.

“आन् देवाला?” केराबाई म्हणाली.

“देव थापतोय व्हय?” ईरम्मानं विचारलं, आणि हसू इतकं उसळलं की समोरच्या किराणावाल्यानं डोकावून पाहिलं.

ते पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. नवी पेठेतल्या दोन दुकानांनी माल घ्यायला सुरुवात केली. ईरम्मा मोबाईलवर बाहेरगावच्या ऑर्डरी घ्यायला शिकली. केराबाईचे तुकडे दुपारी दह्यात कालवून सगळ्या मिळून खात आणि आपल्या हातचा चुरा आपण खातोय याचं केराबाईला इतकं अप्रूप होतं की ती रोज नव्यानं सगळ्यांना सांगायची. काशम्मा थापता थापता शिकवत राहायची. गॅस सिलिंडर पोचवणाऱ्याला शिकवलं, भाडं न्यायला येणाऱ्या गाळामालकाला शिकवलं. एकदा आमच्या ह्यांना जिन्यात गाठून तिनं विचारलं, “सायेब, तुमच्या हापिसात फायली कोण उचलतंय आन् सही कोण करतंय?” ह्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, “तुझी ती भाकरीवाली माझी नोकरी घालवणार.”

मग शिवबाई आजारी पडली. चिकनगुनिया. सांधे असे धरले की तिला न्हाणीपर्यंत मुलगी धरून न्यायची. तीन आठवडे ती आली नाही. वाटे करायच्या दिवशी केराबाईनं आठ दिवस घोळवलेला प्रश्न विचारला, “शिवबाईचा बाजूला ठिवायचा न्हवं?”

शिवबाई त्या दिवशी मुलीच्या आधारानं आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोरच काशम्मानं समजावून सांगितलं. माया-दयेनं वाटा देत गेलो तर आज शिवबाई, उद्या जिचं लेकरू आजारी ती, परवा जिच्या घरी लगीन ती. थापणाऱ्या तीन उरतील, खाणाऱ्या सात. “मग ज्या तीन उरतील त्यास्नी काय म्हनायचं? गडी म्हनायचं. आन् चार मालकिणी.” तिनं हे इतकं सोपं करून सांगितलं की शिवबाईनंच मान हलवली. “बरूबर हाय,” ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून उठली. महिन्याभरात ती सिद्धेश्वरीबाईंच्या शेडमध्ये परत गेल्याचं कळलं. तिथं तिला बसून पाकिटं भरायचं काम मिळालं. गाळ्यात तिच्या जागी दुसरी एक जण आली. मी ठराव लिहिला. लिहिताना मला काही म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. त्यांचं त्या बघतील असं वाटलं, आणि घरी दूध तापत ठेवलं होतं.

काशम्माचा अंगठा त्यानंतर वर्षानं गेला. आधी सकाळी वळत नसे, शेकला की वळायचा. मग शेकूनही वळेना. मग मनगट सुजलं. भाकरी थापायला तळवा फिरता लागतो. तिची भाकरी एका अंगानं जाड आणि दुसऱ्या अंगानं फाटकी व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, पस्तीस वर्षांची आहे, हात वापरू नका. “बरं,” ती म्हणाली, आणि डाव्या हातानं थापून बघितलं. आठ दिवस बघितलं. सगळ्या जणी आपापल्या परातीत बघत राहिल्या.

मग ती भाकऱ्या उभ्या करायला लागली. गरम भाकरी धरताना बोटं मिटत नसत, भाकरी जाळात पडायची. म्हणून ते सोडलं. पाकिटं भरायला घेतली, तर पाकिटाचं तोंड एका हातानं धरता येईना. शेवटी ती दुकानदारांशी बोलायची, कोणतं पीठ चांगलं ते सांगायची, आणि शिकवायची. गुडघेही आखडले होते, खाली बसलं की उठता येत नसे. ते बघवेना म्हणून मी घरची प्लास्टिकची खुर्ची नेऊन दिली. निळी. ती कितीतरी दिवस त्या खुर्चीत बसत नव्हती. मीच आग्रह करकरून बसवलं.

अमावस्येला चुली बंद ठेवायची त्यांची पद्धत, म्हणून बैठक नेहमी अमावस्येच्या दुपारी असायची. त्या अमावस्येला मी वही उघडली तेव्हा ईरम्मा उभी होती. एरवी ती बसूनच बोलायची.

“आक्का, राग यिऊ दिऊ नका,” ती म्हणाली. “इचारते तेवढं सांगा. गेल्या महिन्यात तुमी किती थापल्या?”

“येक बी न्हाई.”

“त्याच्या मागच्या?”

“न्हाई.”

“वाटा घेतला?”

“घेतला की.”

“मग त्यो कुणाच्या हातचा?”

मला वाटलं, काशम्मा आता चिडेल. पण मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती खुश होती. आपण शिकवलेली मुलगी बरोबर क्रमानं प्रश्न विचारते आहे, एकही पायरी चुकत नाही, हे ती ऐकत होती.

“तुमच्या हातचा,” ती म्हणाली.

“न थापता जी उचलती तिला काय म्हनायचं त्ये तुमीच शिकवलंय. पाटाच्या जागी खुर्ची आली येवढाच फरक.”

कोपऱ्यातली एक जण फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली. मी दिलेल्या खुर्चीचा एक पाय थोडा आखूड होता, तो फरशीवर वाजला.

मी पेन खाली ठेवलं. “ईरम्मा, असं नाहीये. या विचारात आणखी एक भाग आहे. मी शिकलेय तो. जो थकला, जो आजारी पडला, त्याला त्याच्या गरजेपुरतं मिळालंच पाहिजे. काम होतंय तोवर कामाप्रमाणं हे खरं, पण माणूस म्हणजे नुसता हात नव्हे. हेही त्यातच आहे.”

“वैनी,” ईरम्मा शांतपणे म्हणाली, “शिवबाईच्या टायमाला तुमचं पुस्तक कुटं हुतं?”

मी पेन परत उचललं.

“आक्का, तुमी सांगा,” ती काशम्माकडं वळली. “वैनी म्हनत्यात तसं हाय काय? तुमी आयकलंय?”

सगळ्या बघत होत्या. एक ‘व्हय’ पुरला असता. त्या सहा जणींनी वहीतल्या माझ्या शंभर वाक्यांपेक्षा काशम्माच्या एका ‘व्हय’वर विश्वास ठेवला असता आणि तिचं म्हातारपण निभावलं असतं. त्या वाट्याशिवाय तिला दुसरं काही नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, ईरम्मालाही माहीत होतं.

“म्या न्हाई आयकलं,” काशम्मा म्हणाली. “आसंल बी. वैनी खोटं कशाला बोलतील? त्या भाषणाच्या येळंला माझी पंगत चालू आसंल, वाढाय गेली आसंन. पर न आयकल्यालं म्या कुणाला सांगत न्हाई.” मग वहीकडं बघून, “आन् तसं आसतं तर शिवबाईला बी द्याय पायजे हुतं. न्हाई दिलं.”

“मग मत घिऊ या,” ईरम्मा म्हणाली. पाच हात वर झाले. एक अगदी हळू झाला, पण झाला. केराबाईचा हात मांडीवरच होता.

“केराबाई?”

“मला कळंना.”

त्यांचा एक नियम होता, तोही काशम्मानंच घातलेला: जिला कळलं नाही तिच्या डोक्यावरून ठराव न्यायचा नाही. कळेपर्यंत थांबायचं. याच नियमानं पुढची वीस मिनिटं गेली. ईरम्मानं सांगितलं, दुसरीनं सांगितलं, नियम सांगितला, न्याय सांगितला. केराबाई म्हैस अडावी तशी अडून बसली.

“काशम्मा काम करत न्हाई म्हंजी? समदं तिनंच उभं केलं न्हवं?”

“ते मागलं झालं.”

“मागलं म्हंजी कवाचं?”

“केराबाई, तुझ्या टकुऱ्यात भुसा भरलाय काय गं?” ईरम्माचा धीर सुटला.

मी देवाचं नाव घेत होते. राहू दे तिच्या डोक्यात भुसा, म्हणत होते. एका बाईला कळलं नाही तर काशम्मा वाचत होती.

“थांब,” काशम्मा म्हणाली. “तिला तसं सांगून कळत न्हाई.”

ती खुर्चीवरून उठली, भिंतीला धरून खाली उतरली आणि केराबाईसमोर बसली. कालच्या थप्पीतल्या सहा भाकऱ्या तिनं मागून घेतल्या आणि सहा जणींच्या पुढं एकेक ठेवली.

“ही कुणाची, केराबाई?”

“माझी.”

“कशावरनं?”

“म्या थापली.”

“ती?”

“ईरम्माची.”

“आन् माझ्याम्होरं काय हाय?”

“काय न्हाई.”

काशम्मानं डाव्या हातानं केराबाईच्या भाकरीचा कोपरा मोडला आणि स्वतःच्या पुढं ठेवला. मग ईरम्माच्या भाकरीचा. मग तिसरीच्या. सहा तुकड्यांचा ढीग झाला. तो जवळजवळ एका भाकरीएवढा होता.

“ह्यो ढीग कुणाचा?”

“तुझा.”

“म्या थापला?”

“न्हाई.”

“मग?”

केराबाईनं ढिगाकडं पाहिलं, आपल्या मोडक्या भाकरीकडं पाहिलं. “ह्यात माझं बी हाय,” ती म्हणाली. “येवढंसं.”

“येवढंसं हाय म्हनून सोडशील?”

“तुला सोडते की, आक्का!”

“मला सोडशील. उद्या ईरम्मा बसंल, तिला बी सोड. परवा आनिक येक. तुझ्याम्होरं किती ऱ्हाईल?” काशम्मानं तिच्या भाकरीचे आणखी दोन तुकडे मोडले. “सिद्धेश्वरीबाई दुसरं काय करत हुत्या? तुझा तुकडाच उचलत हुत्या न्हवं?”

केराबाईच्या चेहऱ्यावर ते कसं उजाडलं ते मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा, तीनदा न सांगता, तिला एखादी गोष्ट मुळापासून कळली होती.

“अगं बया!” ती ओरडली. “कळलं की! कळलं!” आणि त्याच आनंदात तिनं हात वर केला.

हात वर गेल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं काशम्माकडं पाहिलं. पण हात खाली आला नाही. खाली घ्यायला काही कारण उरलं नव्हतं.

“साबास,” काशम्मा म्हणाली. “लिवा वैनी. समद्यांच्या मतानं.”

“तुमचं मत, आक्का?” ईरम्मानं विचारलं.

“माझं धरू नका. माझा हात पिठात न्हाई.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. खाली सहा सह्या झाल्या. त्यातला एक अंगठा केराबाईचा. काशम्माला उठता येईना, तेव्हा ईरम्मानंच तिला काखेत हात घालून उठवलं, दारापर्यंत नेलं, चपला सरळ करून दिल्या. मायेनं दिल्या. मला खुर्ची परत न्यायला सांगितलं, तेही नीट, “वैनी, तुमची खुर्ची ऱ्हायली बगा.”

आता काशम्मा खोलीतच असते. सकाळची भाजी-भाकरी मी पाठवते. ती घेते, आणि ताट धुवून परत करते. एकदा सिद्धेश्वरीबाई आल्या होत्या. ‘पारंपरिक आजी’ म्हणून व्हिडिओत नुसतं बसायचं, काही करायचं नाही, असं म्हणाल्या. “काय न करता कशी बसू?” हिनं विचारलं. त्या हसून निघून गेल्या. केराबाई सुरुवातीला घरी जाताना एखादी तुटकी भाकरी तिच्या उंबऱ्यावर ठेवायची. आता ठेवत नाही. रस्त्यात भेटली तेव्हा मी विचारलं. “ती समद्यांची अस्ती, वैनी,” केराबाई म्हणाली. “माझ्या येकटीची कुटं हाय?”

मागच्या आठवड्यात मी ताट घ्यायला गेले होते, तर ईरम्मा तीन नव्या बायकांना घेऊन दारात उभी. काम वाढलं आहे, नव्या चुली मांडल्या आहेत.

“आक्का, ह्यास्नी आपलं समजून सांगा की,” ती म्हणाली. “आमाला तुमच्यावानी जमत न्हाई.”

“त्यांनी तुझ्या वाट्याचं काय केलं ते सांग आधी,” असं माझ्या ओठांवर आलं होतं. काशम्मानं तोवर त्या तिघींना बसायला चटई सरकवली होती. ती म्हाताऱ्या बाईसारखी दिसत नव्हती. तवा कुणाचा, इथून तिनं सुरुवात केली, आणि दहा मिनिटांत तिघी पुढं सरकून बसल्या. एक हसली, एकीनं डोळे मोठे केले. तिसरी जरा शंकेखोर होती. तिची नजर त्या वाकड्या अंगठ्यावर गेली असावी.

“आन् हातच गेला तर?” तिनं विचारलं.

“मग उठायचं,” काशम्मा म्हणाली. “कळलं काय? न्हाईतर परत सांगते.”